प्रवेगकालीन अडखळ, मोटारगाडीच्या एंजिनाची

वेगवर्धक पायटा (ॲक्सिलरेटर) दाबला असता एंजिनाची गती व शक्ती तत्काळ वाढण्याऐवजी क्षणभर तशीच राहणे, खाली येणे किंवा गचके देत वाढणे, या दोषास प्रवेगकालीन अडखळ असे म्हणतात. कारागिरांच्या बोलीत ‘गाडी पिकअप घेत नाही’, ‘गाडी दबते’ किंवा ‘मिसिंग करते’ अशा शब्दांत या दोषाचे वर्णन करतात. जुन्या, विशेषतः कार्ब्युरेटर असलेल्या पेट्रोल एंजिनांत हा दोष वारंवार आढळतो. अडखळ हा स्वतंत्र बिघाड नसून ते एक लक्षण आहे. इंधनपुरवठा, हवा, प्रज्वलन व एंजिनाची यांत्रिक स्थिती यांपैकी कोणत्याही अंगातील उणीव या एकाच लक्षणाच्या रूपाने प्रकट होऊ शकते. म्हणून भाग बदलून पाहण्यापूर्वी दोषाचे पद्धतशीर निदान करणे आवश्यक असते.

हा दोष केवळ गैरसोयीचा नाही. दुसऱ्या वाहनास ओलांडून पुढे जाताना, चौक पार करताना किंवा घाटातील चढावर वळण घेताना चालक एंजिनाच्या तत्पर प्रतिसादावर विसंबून असतो. अशा वेळी एक-दोन सेकंदांचा खंडही अपघातास कारण होऊ शकतो. शिवाय इंधन कमी पडल्यामुळे अडखळणारे एंजिन तसेच चालवीत राहिल्यास ज्वलनकक्षाचे तापमान वाढून निष्कास झडपा व दट्ट्ये यांची हानी होते. ठिणगी चुकल्यामुळे अडखळणाऱ्या एंजिनात न जळलेले पेट्रोल सिलिंडराच्या भिंतीवरील तेल धुऊन टाकते व कड्यांची झीज वाढविते.

तात्त्विक विवरण : पेट्रोलच्या पूर्ण ज्वलनासाठी वजनाने १ भाग पेट्रोलास सु. १४·७ भाग हवा लागते. जास्तीत जास्त शक्तीसाठी मिश्रण याहून थोडे समृद्ध, म्हणजे १ भाग पेट्रोलास सु. १२·५ ते १३ भाग हवा असे असावे लागते. हवेचे प्रमाण फार वाढले, म्हणजे मिश्रण विरल झाले, तर ज्योत मंद पसरते किंवा पेटतच नाही.

एंजिन स्थिर गतीने चालत असताना हे प्रमाण राखणे फारसे अवघड नसते. खरी कसोटी संक्रमणाच्या क्षणी लागते. एंजिन बिनभाराने मंदगतीत, म्हणजे आयडलिंगवर चालू असताना थ्रॉटल झडप जवळजवळ बंद असते व तिच्यापुढील शाखानळीत (मॅनिफोल्डमध्ये) पाऱ्याच्या सु. ४५ ते ५५ सेंमी. इतके निर्वात असते. या कमी दाबामुळे पेट्रोलचे बाष्पीभवन सुलभ होते. पायटा एकदम दाबताच झडप उघडते, निर्वात जवळजवळ नाहीसे होते आणि हवा वेगाने आत शिरते. पेट्रोल मात्र हवेच्या सु. ६०० पट घन असल्याने त्याचा प्रवाह हवेइतक्या लवकर वाढत नाही. दाब वाढल्यामुळे बाष्परूप पेट्रोलचा काही अंश शाखानळीच्या भिंतीवर द्रवरूपात चिकटून राहतो, तो वेगळाच. परिणामी शक्तीची मागणी सर्वाधिक असते नेमक्या त्याच क्षणी सिलिंडरात जाणारे मिश्रण विरल होते.

याच क्षणी प्रज्वलन यंत्रणेवरील ताणही वाढतो. सिलिंडर हवेने अधिक भरल्यामुळे संपीडनाच्या अखेरीचा दाब वाढतो. दाबाखालील वायूतून ठिणगी पाडण्यास अधिक विद्युत् दाब लागतो. मंदगतीत निभावून नेणारी कमजोर कॉइल किंवा झिजलेला प्लग या वेळी उघडा पडतो. थोडक्यात, प्रत्येक प्रवेग ही एंजिनाच्या सर्व अंगांची एकाच वेळी घेतलेली परीक्षा असते. निरोगी एंजिनात ही तूट भरून काढण्यासाठी खास योजना केलेल्या असतात. त्यांपैकी एखादी निकामी झाली की अडखळ सुरू होते.

ऐतिहासिक : जर्मन अभियंता व्हिल्हेल्म मायबाख यांनी १८९३ मध्ये पेट्रोलचा फवारा उडविणारा कार्ब्युरेटर प्रचारात आणला. आरंभीच्या मोटारींत वेग हळूहळू वाढविण्याची प्रथा असल्याने संक्रमणकालीन विरलतेचा प्रश्न तितकासा जाणवत नसे. एंजिने चपळ होऊ लागली तसतशी वेगवर्धकाशी जोडलेल्या लहान पंपाची आवश्यकता भासली. इंग्लंडमध्ये स्किनर बंधूंनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात एसयू हा स्थिर निर्वाताचा कार्ब्युरेटर तयार केला. या प्रकारात वेगळा पंप नसून तेलाने मंदावलेल्या दट्ट्याकडून तेच कार्य करून घेतात. बॅटरी, कॉइल व संपर्कबिंदू यांवर आधारलेली प्रज्वलन पद्धती अमेरिकेत चार्ल्स केटरिंग यांनी विकसित केली व १९१० च्या सुमारास ती कॅडिलॅक मोटारींत वापरात आली. पुढे सु. सहा दशके हीच पद्धती जगभर प्रचलित होती. अमेरिकेत १९७० च्या स्वच्छ हवा अधिनियमानंतर निष्कास वायूंवर कडक मर्यादा आल्या. त्या पाळण्यासाठी कार्ब्युरेटर विरल मिश्रणावर जुळविण्यात आले आणि त्या दशकातील गाड्यांत अडखळीच्या तक्रारी वाढल्या. इलेक्ट्रॉनीय इंधन अंतःक्षेपणाचा मोठ्या प्रमाणावर वापर १९६७ मध्ये फोक्सवॅगन मोटारींपासून सुरू झाला. त्यामुळे इंधनाचे प्रमाण क्षणोक्षणी बदलणे शक्य झाले.

भारतात कार्ब्युरेटरची परंपरा दीर्घकाळ टिकली. मुंबईतील कुर्ला येथील कारखान्यात तयार होणारी, १,०८९ घ. सेंमी. एंजिनाची फियाट ११०० व तिचेच पुढील रूप असलेली प्रीमियर पद्मिनी, १,४८९ घ. सेंमी. पेट्रोल एंजिन असलेली हिंदुस्थान ॲम्बॅसडर आणि डिसेंबर १९८३ पासून रस्त्यावर आलेली ७९६ घ. सेंमी.ची मारुती ८०० या गाड्यांवर कारागिरांच्या कित्येक पिढ्या शिकल्या. २००० साली नवे उत्सर्जन निकष लागू झाल्यावर नव्या मोटारींतून कार्ब्युरेटर झपाट्याने मागे पडला. पद्मिनी जातीच्या टॅक्सी मुंबईच्या रस्त्यांवरून ऑक्टोबर २०२३ अखेर निवृत्त झाल्या. तथापि हौसेने जतन केलेल्या व लहान गावांतून अद्याप वापरात असलेल्या जुन्या गाड्यांच्या बाबतीत हे ज्ञान उपयुक्त आहे.

कारणे : इंधनपुरवठा. पायटा दाबताक्षणी होणाऱ्या अडखळीचे सर्वपरिचित कारण म्हणजे कार्ब्युरेटरमधील प्रवेग पंपाचा बिघाड होय. या पंपात चामड्याची किंवा रबराची वाटी असलेला दट्ट्या अथवा लवचिक पटल असते. थ्रॉटल उघडताच ते दाबले जाऊन पेट्रोलची बारीक धार कार्ब्युरेटरच्या घशात सोडते व क्षणिक विरलता भरून काढते. वाटी कडक होणे, पटल फाटणे, पंपाच्या मार्गातील गोळी-झडप चिकटणे, धारेचे छिद्र गाळाने बुजणे किंवा पंपाचा दुवा झिजून त्याची चाल कमी होणे यांपैकी काहीही झाल्यास धार उशिरा येते किंवा येतच नाही.

मंदगतीचा इंधनमार्ग व प्रधान जेट यांच्यामधील अवस्थेसाठी थ्रॉटलच्या कडेलगत बारीक संक्रमण छिद्रे असतात. ती बुजल्यास पायटा अगदी हळू दाबला तरी एका ठराविक स्थितीत एंजिन दबते व पुढे पुन्हा सावरते. प्रवेग पंपाच्या दोषात याउलट घडते, म्हणजे हळू दाबल्यास गाडी नीट चालते व एकदम दाबल्यास अडखळते. हा भेद निदानाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे.

एसयू जातीच्या कार्ब्युरेटरमध्ये (उदा., मॉरिस मायनर व एमजी या ब्रिटिश गाड्यांत) वरच्या घुमटात हलके तेल भरलेले असते. थ्रॉटल उघडल्यावर दट्ट्या लगेच वर उचलला जाऊ नये यासाठी हे तेल त्यास रोधते. त्यामुळे जेटवरील निर्वात क्षणभर वाढून अधिक पेट्रोल ओढले जाते. तेल आटले असता मिश्रण समृद्ध होण्याची ही क्रिया थांबते व अडखळ उत्पन्न होते. तेल भरले की दोष जातो. या कार्ब्युरेटरचे निदान या साध्या तपासणीपासूनच सुरू करावे.

वेग वाढत गेल्यावर किंवा चढावर काही काळाने गाडी दबत असेल, तर कार्ब्युरेटरकडे येणारे पेट्रोलच अपुरे असण्याचा संभव असतो. गाळणी तुंबणे, यांत्रिक पंपाचे पटल अशक्त होणे, फ्लोटची पातळी खाली असणे किंवा टाकीच्या झाकणातील वायुछिद्र बुजणे ही त्याची कारणे होत. शेवटच्या कारणाची खूण अशी की, झाकण सैल करताच आत हवा शिरल्याचा आवाज येतो व काही अंतर गाडी उत्तम चालते. उन्हाळ्यात घाट चढताना एंजिनाच्या उष्णतेने नळीतील पेट्रोलची वाफ होऊन प्रवाह खंडित होतो. यास बाष्परोध म्हणतात. गाडी सावलीत थंड होऊ दिल्यावर हा दोष आपोआप नाहीसा होतो.

हवा. कार्ब्युरेटरचा तळ किंवा शाखानळीचे गॅस्केट फाटल्यास अथवा ब्रेकच्या निर्वात साहाय्यकाकडे जाणारी रबरी नळी चिरल्यास मोजमापाबाहेरची हवा आत शिरते. अशा गाडीची मंदगती अस्थिर असते व प्रवेगाच्या आरंभी ती अडखळते. याउलट हवा-गाळणी धुळीने भरल्यास किंवा चोक पुरता न उघडल्यास मिश्रण अतिसमृद्ध होऊन गाडी जड चालते व धुराड्यातून काळा धूर येतो. समुद्रसपाटीवर जुळविलेला साधा कार्ब्युरेटर १,३०० मी. हून अधिक उंचीच्या महाबळेश्वरसारख्या ठिकाणी हवा विरळ असल्याने काहीसे समृद्ध मिश्रण देतो. तेथे जाणवणारी मरगळ हा बिघाड समजू नये.

प्रज्वलन. चार सिलिंडरांच्या चतुर्धाव एंजिनास दर मिनिटास ३,००० फेऱ्यांच्या गतीस सेकंदाला १०० ठिणग्या लागतात. त्या वेळेवर व पुरेशा जोरकस मिळण्यासाठी संपर्कबिंदू (पॉइंट), कंडेन्सर, कॉइल, वितरकाचे झाकण, फिरता रोटर, उच्च दाबाच्या तारा व प्लग ही सर्व साखळी निर्दोष असावी लागते. बिंदू जळून खडबडीत होणे, त्यांमधील अंतर बदलणे, झाकणास सूक्ष्म तडा जाऊन ओलाव्यातून विद्युत् गळणे, प्लगमधील फट झिजेने वाढणे या दोषांत एंजिन मंदगतीत ठीक चालते, पण भार येताच गचके देते. पावसाळ्याच्या आरंभी उद्भवणाऱ्या अडखळीत झाकण व तारा प्रथम तपासाव्यात.

ठिणगीची वेळही तितकीच महत्त्वाची असते. एंजिनाची गती वाढेल तशी ठिणगी आधी पडावी, यासाठी वितरकात केंद्रोत्सारी वजने असतात. भार कमी असताना ती आणखी आधी पडावी यासाठी निर्वात पटल असते. वजने गंजून अडकल्यास वेग वाढताना शक्ती मिळत नाही. पटल फाटल्यास ठिणगी मागे पडते, शिवाय फाटलेल्या पटलातून हवाही आत शिरते, म्हणजे एकाच भागातून दोन दोष उद्भवतात. आणखी एक फसवा बिघाड वितरकातील बारीक तारेचा असतो. निर्वात पटल बिंदूंची तबकडी फिरविते तेव्हा ही तार वाकते. आवरणाच्या आत ती तुटलेली असल्यास केवळ तबकडी हलण्याच्या क्षणीच प्रवाह खंडित होतो. गाडी उभी असताना तपासले तर सर्व काही ठीक दिसते.

यांत्रिक स्थिती. झडपांची फट (टॅपेट) कमी झाल्यास झडप पूर्ण बंद होत नाही व संपीडन घटते. देशभर १ फेब्रुवारी २००० पासून केवळ शिसेविरहित पेट्रोल उपलब्ध झाले. त्यापूर्वी पेट्रोलमधील शिशाची संयुगे मऊ बिडाच्या झडप-बैठकांचे झिजेपासून रक्षण करीत. जुन्या एंजिनांत त्यानंतर बैठक खोल जाऊन फट घटण्याची शक्यता वाढली, म्हणून त्यांची तपासणी अधिक वेळा करावी लागते. झिजलेली कडी, सैल झालेली वेळ-साखळी आणि धुराड्यातील अडथळा हीही कारणे संभवतात. घसरणारा क्लच व चिकटलेले ब्रेक यांमुळेही गाडी मंद वाटते. तथापि पहिल्यात एंजिनाचा आवाज चढतो पण गाडीचा वेग चढत नाही आणि दुसऱ्यात चाकाचा मध्यभाग तापतो. या दोहोंस अडखळ म्हणता येत नाही.

निदान : निदानाचा पहिला टप्पा म्हणजे दोष नेमका केव्हा उद्भवतो याची नोंद होय. एंजिन थंड असताना की तापल्यावर, पायटा एकदम दाबल्यावर की हळू, आरंभी की अखेरीस, कोरड्या हवेत की पावसात, पेट्रोल भरल्यानंतर की दीर्घकाळ उभी ठेवल्यानंतर, या प्रश्नांच्या उत्तरांतूनच निम्मी कारणे वगळता येतात. फक्त थंड एंजिनात अडखळ होत असेल, तर चोक व शाखानळी तापविण्याची व्यवस्था पहावी. फक्त तापल्यावर होत असेल, तर बाष्परोध, कॉइल व कंडेन्सर यांकडे वळावे.

दुसरा टप्पा तपासणीच्या क्रमाचा आहे. प्रथम झडपांची फट व संपीडन, नंतर प्रज्वलन आणि शेवटी कार्ब्युरेटर असा क्रम ठेवावा. याचे कारण असे की, कार्ब्युरेटरची जुळणी एंजिनाच्या निर्वातावर अवलंबून असते आणि निर्वात झडपांच्या व ठिणगीच्या वेळेवर अवलंबून असते. आधीच्या पायऱ्या सोडून कार्ब्युरेटर जुळविल्यास एका दोषाने दुसरा झाकला जातो व काही दिवसांत तक्रार परत येते. मंदगतीत बरी चालणारी, पण भाराखाली गचके देणारी गाडी पाहून कार्ब्युरेटर उघडण्याची घाई अनेकदा होते. प्रत्यक्षात दोष जळलेल्या बिंदूंत किंवा तडा गेलेल्या झाकणात असतो.

पुढील साध्या चाचण्यांना फारशी उपकरणे लागत नाहीत. (१) एंजिन बंद ठेवून हवा-गाळणी काढावी व कार्ब्युरेटरच्या घशात विजेरीचा प्रकाश टाकून थ्रॉटल हाताने उघडावे. तत्क्षणी पेट्रोलची अखंड धार दिसल्यास प्रवेग पंप ठीक आहे. धार न येणे किंवा उशिरा येणे हा पंपदोषाचा प्रत्यक्ष पुरावा होय. (२) तापलेल्या एंजिनावर अडखळ होत असताना चोक किंचित ओढावा. गाडी सुधारल्यास मिश्रण विरल आहे, बिघडल्यास ते समृद्ध आहे किंवा दोष प्रज्वलनात आहे. (३) काही अंतर भाराखाली चालवून एंजिन बंद करावे व प्लग काढून पहावेत. फिकट तपकिरी रंग योग्य ज्वलनाचा, पांढुरका विरल मिश्रणाचा व कोरडी काजळी समृद्ध मिश्रणाची खूण होय. एकाच प्लगचा रंग वेगळा असल्यास दोष त्या सिलिंडरापुरता आहे असे समजावे. (४) निर्वात पटलाची नळी वितरकाकडे जोडलेली ठेवून तिचे कार्ब्युरेटरकडील टोक काढावे व हातपंपाने ओढावे. बिंदूंची तबकडी हलली व ओढ धरली तर पटल शाबूत आहे. (५) चालू एंजिनाच्या सांध्यांवर बाटलीतून साध्या पाण्याचा बारीक फवारा द्यावा. मंदगतीत बदल झाल्यास त्या ठिकाणी हवा आत शिरत आहे. वितरक व तारा मात्र कोरड्या ठेवाव्यात. (६) अंधारात एंजिन चालू ठेवून तारांकडे पाहिल्यास गळणाऱ्या विजेच्या निळसर ठिणग्या दिसतात.

उपकरणांपैकी निर्वातमापक सर्वांत बोलका असतो. मंदगतीत काटा ४५ ते ५५ सेंमी. दरम्यान स्थिर राहिल्यास एंजिनाची सर्वसाधारण स्थिती चांगली समजतात. काटा स्थिर पण खाली असल्यास ठिणगी मागे पडत असावी किंवा हवा शिरत असावी. काटा ठराविक लयीत खाली येत असल्यास एखादी झडप नीट बसत नसावी. वेळदर्शक दिव्याने ठिणगीची अग्रता तपासता येते. एंजिनाची गती वाढविताना खूण सावकाश व अखंड सरकली पाहिजे, ती अडखळत सरकल्यास वजने तपासावीत. पेट्रोलचा दाब यांत्रिक पंपाच्या बाबतीत सामान्यतः ०·२ ते ०·३५ किग्रॅ./सेंमी.² असतो.

प्रत्येक वेळी एकच गोष्ट बदलावी व गाडी चालवून परिणाम पहावा, हा निदानाचा मूलभूत नियम आहे. प्लग, कॉइल व कार्ब्युरेटरचा संच एकाच वेळी बदलल्यास दोष गेला तरी कशामुळे गेला हे कळत नाही, खर्च वाढतो आणि नव्या भागाच्या दर्जाविषयीची शंका त्यात मिसळते. जुन्या गाड्यांच्या सुट्या भागांचा दर्जा सारखा नसल्याने मूळ भाग निर्दोष असल्यास तोच ठेवणे हितावह असते.

अंतःक्षेपण असलेली जुनी एंजिने : १९९० नंतरच्या दशकातील व पुढील काही वर्षांतील अंतःक्षेपण पद्धतीच्या गाड्याही आता जुन्या झाल्या आहेत. त्यांत प्रवेग पंपाचे कार्य संगणकीय नियंत्रक करतो. थ्रॉटलची स्थिती कळविणाऱ्या संवेदकाकडून व शाखानळीतील दाब किंवा हवेचा प्रवाह मोजणाऱ्या संवेदकाकडून माहिती घेऊन तो इंधनाचे प्रमाण क्षणभर वाढवितो. थ्रॉटल संवेदकातील रोधपट्टी सर्वाधिक वापराच्या जागी झिजल्यास तेथे संकेत तुटतो व पायट्याच्या ठराविक स्थितीतच अडखळ होते. सुईच्या विद्युत् दाबमापकाने हे ओळखता येते. थ्रॉटल सावकाश उघडताना दाब सु. ०·५ व्होल्टपासून ४·५ व्होल्टपर्यंत सलग वाढला पाहिजे, मध्येच काटा पडल्यास संवेदक सदोष आहे. या पद्धतीत इंधनाचा दाब सामान्यतः २·५ ते ३ किग्रॅ./सेंमी.² असतो व तो भाराखाली टिकतो की नाही हे पहावे लागते. नियंत्रकाने साठविलेल्या दोषसंकेतांचा उपयोग होतो, परंतु संकेत कोणता भाग बदलावा हे सांगत नाही. कोणत्या मंडलात विसंगती आढळली एवढेच त्यावरून समजते.

एथेनॉलमिश्रित पेट्रोल : भारतात पेट्रोलमध्ये एथेनॉल मिसळण्याचे प्रायोगिक प्रकल्प २००१ मध्ये सुरू झाले. त्यांत महाराष्ट्रातील मिरज व मनमाड या ठिकाणांचा समावेश होता. २०२२ मध्ये मिश्रणाचे प्रमाण १० टक्क्यांपर्यंत पोहोचले, फेब्रुवारी २०२३ मध्ये २० टक्के एथेनॉल असलेल्या पेट्रोलची किरकोळ विक्री सुरू झाली आणि २०२५ मध्ये देशातील सरासरी मिश्रण २० टक्क्यांच्या आसपास आले. जुन्या एंजिनांतील अडखळीच्या दृष्टीने याचे तीन परिणाम लक्षात घ्यावे लागतात.

पहिला परिणाम मिश्रणाच्या प्रमाणाचा. शुद्ध एथेनॉलास वजनाने सु. ९ पटच हवा पुरते. २० टक्के मिश्रणास सु. १३·५ पट हवा लागते. शुद्ध पेट्रोलसाठी ठरविलेले कार्ब्युरेटरचे जेट तसेच ठेवल्यास मिश्रण सु. ८ टक्क्यांनी विरल होते. आधीच विरल जुळविलेल्या किंवा प्रवेग पंप कमजोर असलेल्या एंजिनात अडखळ प्रकट होण्यास एवढे पुरेसे असते. दुसरा परिणाम बाष्पीभवनाचा. एथेनॉलच्या बाष्पीभवनास पेट्रोलच्या अडीचपटींहून अधिक उष्णता लागते, त्यामुळे थंड एंजिनात शाखानळीच्या भिंतीवर अधिक इंधन द्रवरूपात राहते. तिसरा परिणाम पदार्थांवरचा. पूर्वीच्या काही जातींच्या रबराच्या नळ्या, पटले व वाट्या एथेनॉलने फुगतात, मऊ होतात किंवा चिरतात. शिवाय एथेनॉल पाणी शोषून घेते व ते प्रमाणाबाहेर गेल्यास पाणी व एथेनॉल यांचा थर टाकीच्या तळाशी वेगळा होतो. दीर्घकाळ उभ्या असलेल्या गाडीच्या टाकीतील गाळही सुटा होऊन गाळणीत येतो.

यावर उपाय आहेत. एथेनॉल सहन करणाऱ्या रबराच्या नळ्या व पंपाचे संच बसविणे, आरंभीच्या काळात गाळणी वारंवार बदलणे, टाकी शक्यतो भरलेली ठेवणे व जरूर तर प्रधान जेट एक क्रमांक मोठे बसवून प्लगच्या रंगावरून जुळणी पडताळणे हे त्यांपैकी मुख्य होत. तथापि जुन्या गाडीतील प्रत्येक अडखळीचे खापर इंधनावर फोडणे अयोग्य ठरते. एथेनॉलामुळे अनेकदा आधीपासून असलेली लहानशी उणीव केवळ उघड होते. जळलेले बिंदू किंवा सैल गॅस्केट कोणत्याही पेट्रोलने सुधारत नाही.

दक्षता : पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असून ती जमिनीलगत पसरते. म्हणून इंधनमार्गाची तपासणी उघड्यावर व ज्योतीपासून दूर करावी आणि अग्निशामक जवळ ठेवावा. हवा-गाळणी काढलेल्या चालू एंजिनाच्या कार्ब्युरेटरमध्ये वाकून पाहू नये, कारण विरल मिश्रणामुळे ज्वाला उलट बाहेर येण्याचा धोका असतो. हवा शिरत असल्याचे शोधण्यासाठी काही कारागीर पेट्रोल शिंपडतात, ही पद्धत टाळावी. बंदिस्त जागेत एंजिन चालविल्यास कार्बन मोनॉक्साइड साचून जिवास अपाय होतो. प्रज्वलनाच्या तारांत हजारो व्होल्टचा दाब असतो हेही ध्यानात ठेवावे. रस्त्यावर अडखळ जाणवू लागल्यास दोष दूर होईपर्यंत दुसऱ्या वाहनास ओलांडण्याचे टाळावे व पुढील वाहनापासून नेहमीपेक्षा अधिक अंतर राखावे.